अंतर चोख, वेळ अदमासे : दोन विमानतळांमधले गणित सांगणाऱ्या एका सेवेविषयी

एका चौकटीत निघण्याचा विमानतळ, दुसरीत पोहोचण्याचा विमानतळ, आणि कळ दाबताच दोहोंमधले हवाई अंतर, उड्डाणाला लागणारा वेळ, पोहोचल्यावरची स्थानिक वेळ आणि नकाशावर काढलेली एक कमान, असा एवढासा व्यवहार असलेली एक विनामूल्य सेवा मी गेले दीड वर्ष नियमाने वापरत आले आहे. घरातल्या आणि ओळखीच्या लोकांच्या लांबच्या प्रवासांची आखणी करण्याचे काम माझ्याकडे कसे आले ते मला सांगता येणार नाही, पण ते आले आहे आणि त्यासाठी हे पान रोज उघडावे लागते. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिचे गुण आणि दोष या जातीच्या बहुतेक सेवांना सारखेच लागू पडतात, असे आणखी तीन-चार सेवा ताडून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले आहे.

विमानतळ निवडण्यापासूनच सुरुवात करते, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. शहराचे नाव लिहू लागले की खाली यादी उघडते आणि प्रत्येक नावाशेजारी देश व तीन अक्षरी संकेत दिसतो. ही सोय साधी वाटते, पण सिडनी नावाचा एक विमानतळ ऑस्ट्रेलियात आहे आणि दुसरा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे तसे कोस्टा रिकातही आहे. सँटियागो म्हटले तर चिलीची राजधानी समजायची की स्पेनमधले सँटियागो दे कोंपोस्तेला, हे यंत्राने परस्पर ठरवून टाकले तर पुढचा सगळा हिशेब दुसऱ्याच खंडात जाऊन पडतो. ही सेवा परस्पर ठरवत नाही, विचारते. एका प्रतिस्पर्धी सेवेने मात्र मी नुसते बर्मिंगहॅम लिहिल्यावर मला न विचारता इंग्लंड सोडून थेट अलाबामात नेले होते.

आता अंतर. या बाबतीत सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही, आणि ते का हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या कमानीवरून. पृथ्वी पूर्ण गोल आहे असे धरून ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने ही कमान मोजणे सोपे असते आणि बऱ्याच सेवा तेवढ्यावरच थांबतात. पण पृथ्वी ध्रुवांपाशी दबलेली आहे. विषुववृत्तावरची तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडची सुमारे ६,३५७, म्हणजे २१ किलोमीटरांचा फरक. काटेकोर सेवा हा दबलेपणा हिशेबात घेतात. मी सिंगापूर आणि न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाची जोडी घेतली. सध्याच्या सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी उड्डाणाची ही जोडी. गोल पृथ्वी धरून कागदावर केलेला माझा हिशेब १५,३४० किलोमीटरांच्या आसपास आला आणि सेवेने १५,३४९ सांगितले, जो या मार्गाचा सर्वत्र दिला जाणारा आकडा आहे. नऊ-दहा किलोमीटरांचा हा फरक विमानाच्या वेगाने पाऊण मिनिटातही कापला जातो, त्यामुळे प्रवाशाच्या दृष्टीने तो नगण्यच. तरीही कोणी विचारणार नाही अशा ठिकाणी काळजी घेतलेली दिसली की त्या माणसांच्या कामाविषयी आदर वाटतो. अंतर किलोमीटर, मैल आणि सागरी मैल अशा तिन्ही मापांत मिळते, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचाच धरला आहे, हेही मी तपासून घेतले.

नकाशावरची कमान पाहून मात्र पहिल्यांदा कोणीही गोंधळेल. सपाट नकाशावर ती उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे विनाकारण फुगलेली दिसते आणि सरळ रेघ ओढली असती तर वाट जवळची झाली असती, असे वाटत राहते. माझ्या मेजावर एक जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर मी शिवणाचा पांढरा दोरा घेऊन बसले. एक टोक सिंगापूरवर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला, तर तो पॅसिफिकवर थांबेना की अटलांटिकवर थांबेना. घसरत घसरत वर गेला आणि गोल फिरवण्याचा पितळी खिळा जिथे बसवलेला असतो त्याच्या अगदी शेजारी येऊन स्थिरावला. गणितानेही तेच येते, ही कमान उत्तर ध्रुवापासून ३०० किलोमीटरांच्या आतून जाते. मग सिडनी आणि सँटियागो घेतले. दोन्ही विमानतळ ३४ अंश दक्षिणेच्या आसपासचे, म्हणजे दोरा त्याच अक्षवृत्तावरून आडवा जाईल असे वाटावे, पण तो थेट खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने उतरला आणि ६१ अंशांच्या पलीकडे जाऊन परत वर आला. सेवेच्या नकाशावरची कमान अगदी याच जागी होती. शेवटी सेवेला अडचणीत आणायचे म्हणून माद्रिद आणि वेलिंग्टन दिले. हे दोन विमानतळ पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांवर आहेत आणि त्यांच्यातले अंतर १९,८५० किलोमीटरांच्या जवळपास भरते. इथे दोरा कुठूनही ताणला तरी जवळपास सारखाच पुरतो, आणि समोरासमोरच्या बिंदूंसाठी काही जुनी सूत्रे उत्तरापर्यंत पोहोचतच नाहीत. माझ्या दुसऱ्या एका आवडत्या सेवेने, म्हणजे ग्रेट सर्कल मॅपरने, अंतर आणि कमान दोन्ही विनातक्रार दिली. या सेवेने अंतर बरोबर दिले, पण नकाशावर कमान काढण्याचे मात्र टाळले. टाळले ते चुकीची काढण्यापेक्षा बरेच झाले.

अंतराचा एवढा काटेकोरपणा कोणाच्या कामाचा, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार उड्डाण रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास द्यायची भरपाई अंतराच्या पायऱ्यांवर ठरते. १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या त्या पायऱ्या आहेत, आणि अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीनेच मोजावे असे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. मधे विमान बदलले असले तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचे थेट अंतरच धरायचे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणजे ज्या जोडीचे अंतर या पायरीच्या अगदी काठावर आहे, तिथे आठ-दहा किलोमीटरांनी २५० युरोंचे ४०० होऊ शकतात. तिथे मी गोल पृथ्वी धरणाऱ्या सेवेवर विसंबणार नाही.

वेळेकडे वळल्यावर माझा सूर बदलतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सेवेने आपली रीत प्रामाणिकपणे सांगितली आहे : ताशी ८०५ किलोमीटर, म्हणजे ५०० मैल, असा ठरावीक वेग आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास जादा. बस, एवढेच. वारा नाही, विमानाचा प्रकार नाही, ऋतू नाही, दिशा नाही. मोठी प्रवासी विमाने उंचावर ताशी ९०० किलोमीटरांच्या आसपास उडतात हे खरे, पण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो आणि प्रत्यक्षातली वाट कमानीहून लांब असते; त्या मानाने ८०५ हा आकडा व्यवहारी तडजोड म्हणून वाईट नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्कसाठी हे सूत्र १९ तास ३४ मिनिटे सांगते आणि वेळापत्रकात साडेअठरा ते एकोणीस तास असतात. उत्तर फारसे चुकत नाही, पण ते चुकत नाही याचे कारण असे की दोन चुका परस्परांना सांभाळून घेतात : वेग प्रत्यक्षाहून कमी धरला आहे आणि वाटही प्रत्यक्षाहून कमी धरली आहे.

जिथे त्या एकमेकींना सांभाळत नाहीत, तिथे काय होते ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. न्यूयॉर्क आणि लंडनचा हीथ्रो यांत ५,५४० किलोमीटर आहेत. सेवा जाताना ७ तास २३ मिनिटे सांगते आणि येतानाही ७ तास २३ मिनिटेच सांगते. या वाटेने एकदा गेलेल्या कोणालाही हे पटणार नाही. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यामुळे, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, लंडनकडे जाताना मागून रेटा मिळतो आणि न्यूयॉर्ककडे येताना तोच वारा समोरून येतो. त्यामुळे वेळापत्रकातच एका बाजूला सुमारे सात तास आणि दुसऱ्या बाजूला आठच्या आसपास अशी तफावत असते. २०२० च्या फेब्रुवारीत वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरले होते. असली टोके सेवेने सांगावीत असे मी म्हणत नाही, पण उलटसुलट जोडी दिल्यावर मिनिटाचाही फरक न दाखवणे ही मात्र उणीव आहे, आणि ती भरून काढायला दिशेनुसार एक साधा गुणक पुरला असता.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही जोडी तर या सूत्राची गंमतच करते. बृहद्वृत्तावरून हे अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे आणि सेवेच्या हिशेबाने १५ तास ५३ मिनिटे लागतात. एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जात असे, ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची; २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने ते पॅसिफिकवरून नेले, आणि सुमारे १५,३०० किलोमीटरांची ही लांबची वाट साडेचौदा तासांत पार झाली, म्हणजे आधीच्या जवळच्या वाटेपेक्षा कमी वेळात. पृथ्वी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने वाराही मागून होता. जास्त अंतर आणि कमी वेळ, हे ज्या सूत्रात बसूच शकत नाही त्या सूत्राने मिनिटांपर्यंतचे उत्तर द्यावे, हे मला खटकते.

मला स्वतःला फटका बसला तो हेलसिंकी ते तोक्योच्या नारिता विमानतळाच्या जोडीने. भाच्याला एका परिषदेसाठी जायचे होते आणि तिकीट काढण्याआधी त्याला पुढच्या रेल्वेची जागा पक्की करायची होती. "मावशी, उतरायची वेळ साधारण सांग ना," असे तो म्हणाला. सेवेने ७,८३० किलोमीटर आणि १० तास १४ मिनिटे सांगितली, मी ती जशीच्या तशी त्याला कळवली आणि त्याने त्यावर दोन तासांची सवड ठेवून रेल्वेचे आरक्षण केले. विमानाचे तिकीट हातात आले तेव्हा त्यावर तेरा तास होते. रेल्वे अर्थातच चुकणार होती, ते आरक्षण बदलावे लागले आणि बदलण्याचे शुल्क मी माझ्या खिशातून भरले. चूक माझीही होती, कारण २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीपासून रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद आहे, हे मी वृत्तपत्रांत वाचले होते. फिनएअरचा साडेनऊ तासांचा हा प्रवास तेव्हापासून वळसा घालून तेराच्या आसपास गेला आहे. विशेष म्हणजे १९८३ मध्ये याच कंपनीने सोव्हिएत आकाश टाळून उत्तर ध्रुवावरून तोक्योला पहिले विनाथांबा उड्डाण सुरू केले तेव्हाही साधारण तेराच तास लागत असत. मधल्या चाळीस वर्षांत विमाने बदलली आणि वेळ फिरून तिथेच आला. सेवेची कमान मात्र अजूनही सैबेरियावरून बिनधास्त जाते, तिला सीमा ठाऊक नाहीत. बंद आकाशाची एक ओळीची सूचना त्या जोडीखाली दिली असती, तरी माझे काम झाले असते.

अस्तित्वात नसलेल्या उड्डाणांचाही प्रश्न आहे. माद्रिद ते वेलिंग्टनसाठी सेवा २५ तास ९ मिनिटे इतके ठाम उत्तर देते. सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गावर जे खास लांब पल्ल्याचे एअरबस ए३५० वापरतात, त्याचा पल्लाही १८,००० किलोमीटरांचा आहे, तेव्हा हे २५ तास कोणते विमान उडणार, हे सेवेने सांगायला हवे. विमान बदलत बदलत हा प्रवास तीस तासांच्या पुढेच जातो. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत एखाद्या विमानतळावर उतरता आले पाहिजे, या बंधनाचाही कमानीला पत्ता नसतो. ती मर्यादा पूर्वी एका तासाची होती आणि १९८५ पासून वाढत वाढत काही विमानांसाठी सहा तासांच्या पुढे गेली आहे, त्यामुळे आज ती फारशी आडवी येत नाही, पण दक्षिण गोलार्धातल्या ओसाड समुद्रांवर अजून येते.

मराठीत प्रवासाला लागतो तो वेळ आणि घड्याळात होते ती वेळ. लिंगाचा एवढा फरक आपल्या भाषेने जपला आहे, आणि या सेवेचा तिसरा भाग नेमका त्या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे. निघण्याची वेळ दिली की ती पोहोचण्याची स्थानिक वेळ सांगते. अवघड वाटणाऱ्या गोष्टी तिला चांगल्या जमतात. काठमांडूचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या पावणेसहा तास पुढे असते, ते पंधरा मिनिटांचे टोक तिने अचूक धरले. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेला प्रवासी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला, आणि तेही निघाल्याच्या वेळेआधी पोहोचतो, हेही ती न अडखळता दाखवते, शेजारी 'त्याच दिवशी' अशी टीपही देते. घसरते ती सोप्या जागी. उन्हाळी वेळेसाठी अमेरिका आपली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे दरवर्षी दोन ते तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक पाच तासांऐवजी चार तासांचा असतो. शरद ऋतूत घड्याळे मागे घेतानाही एक आठवडा असाच जातो. गेल्या मार्चमध्ये मी तारीख भरून पाहिली तेव्हा सेवेने पाच तासच धरले होते. पुढचे जोडउड्डाण गाठायचे असेल तर हा एक तास फार महाग पडतो.

आणखी एक बाब लहान आहे, पण प्रवाशांची गल्लत नेहमी इथेच होते. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातला कालावधी विमान फाटकापासून सुटल्यापासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही त्यात येतो. सेवेच्या अर्ध्या तासात हे सरकणे धरले आहे की नाही, याचा खुलासा पानावर नाही. गजबजलेल्या विमानतळावर नुसत्या सरकण्यालाच अर्धा तास लागू शकतो. विमानतळावर आधी पोहोचणे, सामानाची आणि पारपत्राची तपासणी, हे तर कुठल्याच आकड्यात नाही, तरीही पानावरचे शीर्षक 'प्रवासाचा एकूण वेळ' असे आहे. तो शब्द 'एकूण' काढून टाकावा, असे मी त्यांना सुचवले होते.

पान हलके आहे, झटकन उघडते, नोंदणी मागत नाही, आणि जुन्या फोनवरही नकाशा नीट दिसतो. जाहिराती आहेत, पण त्या उत्तराच्या आड येत नाहीत. दोनपेक्षा जास्त विमानतळांची साखळी मात्र देता येत नाही, त्यामुळे मधे एक-दोन थांबे असलेल्या प्रवासाचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी करून कागदावर बेरीज मांडावी लागते. ग्रेट सर्कल मॅपरमध्ये संकेतांच्या मधे आडवी रेघ देत गेले की ही साखळी सहज होते. म्हणून अंतरासाठी, आणि कोणती जोडी पृथ्वीवर कुठून जाते याच्या कुतूहलासाठी, मी ही सेवा कोणालाही नि:शंकपणे सुचवते आणि पाचपैकी पाच गुण देते. वेळेसाठी दोन. वेळ पाहायचाच असेल तर आधी इथे अंतर घ्यावे, मग त्या मार्गावर खरोखर विमान जाते का हे एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकात पाहावे आणि तिथला जाण्याचा व येण्याचा कालावधी वेगवेगळा टिपून घ्यावा. मी आता तेच करते.

अभिप्रायाच्या चौकटीतून मी त्यांना तीन गोष्टी कळवल्या होत्या : मार्चमधली तासाची चूक, 'एकूण' हा शब्द, आणि वेळ मिनिटांत न देता 'सुमारे दहा ते तेरा तास' अशा पट्ट्यात द्यावा ही विनंती. आठवड्याभरात आभाराचे सभ्य उत्तर आले. मार्चची चूक दुरुस्त झाली आहे, हे मी या महिन्यात पुन्हा तारीख भरून पाहिले. 'एकूण' अजून तिथेच आहे, आणि हेलसिंकी-नारिताखाली काल रात्रीही १० तास १४ मिनिटेच दिसत होती.